अर्ध्या सेकंदासाठी सासुरवाडी

लग्नाला दहा वर्षं झाली, तेवढ्यात तीन अधिक महिने येऊन गेले आणि तिन्ही वेळा धोंड्याचं जेवण मी काही ना काही कारण काढून टाळलं, २०२० ला तर कोरोनाच मदतीला आला. त्यामुळं २०२३ च्या अधिक श्रावणात मी स्वतःहून "ह्या रविवारी तुझ्या आईकडं धोंड्याला जायचं का" म्हणलं तेव्हा बायकोनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ताप नव्हता. इंटरनॅशनल स्पेस स्टेशन होतं.

झालं असं की एक वेबसाइट आहे, तिच्यात आपलं ठिकाण टाकलं की ती सांगते स्पेस स्टेशन, म्हणजे माणसं राहतात ते पृथ्वीभोवती फिरणारं अवकाशस्थानक, सूर्याच्या बरोबर समोरून कधी आणि कुठून जाताना दिसेल. सूर्याच्या तबकडीवर काळं, पंखवालं, किड्यासारखं दिसणारं स्टेशन, असले फोटो बघून बघून माझं डोकं फिरलेलं होतं. पण अडचण अशी की हे दिसतं फक्त चारेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात, कारण आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा आणि स्टेशन ४०० किलोमीटर वर, तुम्ही जरा इकडं तिकडं उभं राहिलात की ते सूर्याच्या बाजूनं निघून जातं आणि भरदुपारी कुणाच्या बापाला दिसत नाही. मी लातूरच्या आजूबाजूचा ५० किलोमीटरचा घेर टाकला. लातुरातलं आमचं घर पट्ट्याच्या बाहेर, लांब बाहेर. आणि औशाच्या पुढचं सासऱ्याचं घर बरोबर मधल्या रेघेवर! दहा वर्षांत सासुरवाडीबद्दल इतकं प्रेम मला कधीच वाटलं नव्हतं.

वेळ दुपारी १२ वाजून ४१ मिनिटं १७ सेकंद. एकूण कार्यक्रम ०.५ सेकंद.

बायकोला हे दोन दिवसांनी कळलं. ती काही बोलली नाही, फक्त "आईला सांगू नको, ती शेजारणींना सांगून बसली जावई स्वतःहून येतोय म्हणून" एवढंच म्हणाली, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तयारी म्हणाल तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राची लांबचं जवळ आणणारी १५०-६०० ची लेन्स मागून आणली. अधिक महिन्यात लग्नं नसतात त्यामुळं लेन्स आणि मित्र दोघंही रिकामे होते. सोलर फिल्म ऑनलाइन मागवली, ती सूर्याचा उजेड लाखातला एक भाग तेवढाच आत सोडते, आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिची टोपी बनवून लेन्सच्या तोंडावर बसवली. हे टोपीचं काम नीट करावं लागतं, नाहीतर कॅमेरा जळतो आणि डोळा लावला तर डोळाही जातो, गॉगल-एक्सरेची फिल्म वगैरे असले उद्योग ह्यात चालत नाहीत. शनिवारी रात्री परत वेबसाइट बघितली तर पट्टा जरा सरकलेला! ते स्टेशन वरच्या विरळ हवेला घासत हळूहळू खाली येतं, मग अधूनमधून इंजिन लावून त्याला वर ढकलतात, त्यामुळं आठवडाभर आधीचा हिशोब पक्का नसतो. पण सासऱ्याचं घर अजून आतच होतं. देव पाठीशी आहे म्हणलं.

देव कुणाच्या पाठीशी आहे हे रविवारी सकाळी कळायला लागलं.

गावात शिरलो तर दोन्ही बाजूला सोयाबीननं माना टाकलेल्या. पंधरा दिवस झाले थेंब नव्हता. (नंतर कळलं, तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.) आभाळ कसं, तर धुतलेल्या काचेसारखं निळं. आणि त्या अख्ख्या गावात ते आभाळ बघून आतून गुदगुल्या होणारा माणूस मी एकटा होतो. पारावर बसलेली माणसं वर बघून उसासे टाकत होती, मीही वर बघत होतो आणि तोंड जमेल तेवढं दुःखी ठेवत होतो. मामा, म्हणजे सासरे, चहा पिता पिता म्हणले, "पाव्हणं, तुमच्या मोबाइलात बगा की, आभाळ येतंय का आज?"

मी बघितलं. "नाही मामा, दिवसभर काहीच नाही." हे सांगताना आवाजात जो आनंद आला तो मला लपवता आला नाही, माझ्या बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की बस्स.

त्यात तिथं विम्याचं वेगळंच दुखणं चाललेलं. सलग २१ दिवस खंड पडला तर विम्याचे २५ टक्के आगाऊ मिळतात अशी चर्चा, म्हणून मेव्हणा कॅलेंडरवर फुल्या मारत होता. त्याचं म्हणणं, येयचा तर धो धो ये, नाहीतर येऊच नको, उगं चार थेंब टाकून खंड मोडू नको. मला तो एकटाच जवळचा वाटला.

अकरा वाजता स्लॅबवर ट्रायपॉड लावला. आता ऑगस्टात आपल्याकडं साडेबाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे कॅमेरा सरळ वर करावा लागतो आणि मागनं बघायला माणसाला खाली झोपावं लागतं. मी सतरंजी टाकून उताणा पडलो, डोक्यावर ओला टॉवेल. पाच मिनिटांत मामी धावत वर, "आगं माय, पाव्हण्याला चक्कर आली!" मग लिंबूपाणी, मग कांदा, मग शेजारचे चारजण. "काय करूलालाव पाव्हणं?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. चांद्रयान नुकतंच चंद्राच्या कक्षेत पोचलं होतं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं हे तेच.

"चांद्रयान नाही ओ, ते चंद्राकडं गेलंय."

"मग हे कामून सूर्याकडं चाललंय?"

"सूर्याकडं नाही, सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. हे इथंच, ४०० किलोमीटरवर. लातूरहून लोणावळा समजा. पण पळतंय ताशी २८ हजारानं, लातूरहून पुणं पाऊण मिनिटात."

हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण पुण्याच्या ट्रॅव्हल्सचे धक्के प्रत्येकानं खाल्लेले. एकानं विचारलं, मग त्यात सीट मिळंल का. म्हणलं सात माणसं आहेत सध्या, त्यातला फ्रँक रुबिओ म्हणून एकजण सहा महिन्यांसाठी गेलेला, त्याच्या परतीच्या यानाला गार ठेवणारं कूलंट डिसेंबरातच गळून गेलं, तेव्हापासून बिचारा वरच अडकलाय. (शेवटी ३७१ दिवस राहून परत आला.) मामी एकदम गप्प झाल्या. "त्याच्या मायला काय वाटत आसंल," म्हणल्या, आणि खाली जाऊन माझ्यासाठी ताट करायला लागल्या.

मी म्हणलं मामी, एक वाजता जेवतो. तर जावयाला उपाशी ठेवून स्लॅबवर उन्हात घातलं असं गावात झालं असतं, म्हणून बाराला ताट वरच आलं. पुरणाचे धोंडे, वर तूप, बाजूला ३३ जाळीदार अनारसे मोजून. प्रत्येक धोंड्यानंतर अजून एक, जणू मीच वर्षभर अंतराळात अडकलो होतो. पाचव्या धोंड्यानंतर मला फोकस करायला वाकता येईना. कसाबसा स्क्रीनवर सूर्य आणला, त्यावरचे डाग धारदार केले. मामी वाकून बघून म्हणल्या, "बया, ह्याच्याबी तोंडावर वांग हाय की." म्हणलं एकेक वांग पृथ्वीएवढा आहे. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

१२ वाजून ३३ मिनिटं. दक्षिणेकडं, किल्लारीच्या बाजूला, एक ढग.

एकच. कापसाच्या बोंडाएवढा. मी बघितला, मामांनीबी बघितला. मी मनात म्हणलं जा बाबा, मामा मोठ्यानं म्हणले ये बाबा. दहा वर्षांत पहिल्यांदा जावई आणि सासरा एकाच गोष्टीकडं इतक्या भक्तीनं बघत होते. तो फुगायला लागला. १२:३८ ला काळसर झाला, गार वारं सुटलं, स्लॅबवरची माणसं कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिली, खालून बायका वर आल्या, पोरं नाचायला लागली. मी व्हिडिओ चालू केला, सेकंदाला पन्नास फ्रेम, म्हणजे ०.५ सेकंदात पंचवीस तरी मिळतील असा हिशोब. १२:४० ला ढगाची कड सूर्याला लागली. मी चक्क म्हणलं, "अरे बाजूला हो!" आणि माझ्या तोंडून निघालेलं हे वाक्य मामांनी ऐकलं.

तो व्हिडिओ अजून माझ्याकडं आहे. १२:४१:१७ ला स्क्रीनवर काही नाही, नुसतं काळं, पण आवाज एकदम स्वच्छ आलाय. बरोबर त्याच सेकंदाला मामा जीव तोडून ओरडतात, "आलं बगा, आलं!"

१२:४४ ला ढग निघून गेला. एक थेंब पडला नाही. मेव्हण्याचा खंडसुद्धा मोडला नाही. सूर्य परत लख्ख, वांगासकट, आणि स्टेशन तोवर पृथ्वीच्या कुठल्या कोपऱ्यात पोचलं असेल देव जाणे. स्लॅबवर कुणीच कुणाशी बोललं नाही. बायको तेवढी म्हणाली, "अनारसे राहिलेत."

पंधरा-वीस दिवसांनी मामांचा फोन. तोवर सोयाबीनचं काही खरं राहिलं नव्हतं. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणले, "पाव्हणं, ते तुमचं टेशन परत कधी हाय?"

म्हणलं मामा, इतक्यात नाही, आणि आता पट्टा तिकडून जाईलच असंही नाही.

"टेशन ऱ्हाऊ द्या ओ. गावात म्हणूलालेत, २०१९ ला सरकारनं संभाजीनगरहून कृत्रिम पावसाचं विमान उडवलं तेव्हा येवढं आभाळ आलं न्हवतं. तुमी नुसतं कॅमेरा घेऊन स्लॅबवर आडवं व्हा. पेट्रोलचं आमी बगताव."