कोरोना, बाळंतीण आणि अंगावरचं दूध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

गरोदरपणातल्या कोरोनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. मी गरोदर बायकांना उगाच भीती घातली, हा पहिला. पॉझिटिव्ह आईने अंगावर पाजावं असं लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, हा दुसरा. तुमच्या मोठ्या सुनेचं बाळ 2020 मध्ये दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, वरचं दूध दिलं आणि आज ते ठणठणीत आहे. तिसरा लशीबद्दल: चाचण्यांमध्ये गरोदर बायका नव्हत्याच, तरी घाईने त्यांना ती टोचली.

नातू ठणठणीत आहे हे वाचून खूप बरं वाटलं. पण एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत सुनेबद्दल एकच वाक्य आहे, 'तिला नंतर दूधच आलं नाही.' त्या काळात घरोघरी हेच झालं. सगळी काळजी बाळाची केली, आणि जीवाचा धोका होता आईला.

आधी दुधाचं. दूध तयार होतं ते बाळाच्या ओढण्यामुळे. सुरुवातीच्या दिवसांत बाळ छातीला लागलं नाही आणि दूध पिळूनही काढलं नाही, तर छाती दगडासारखी कडक होते, ठणकते, ताप भरतो. हळूहळू पान्हा आटतो. सुनेत काही कमी होतं म्हणून दूध आलं नाही, असं कृपा करून कुणी तिला म्हणू नका.

त्या दिवसांत मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. ज्या आईला धाप लागत होती, बसून पाजणं जमत नव्हतं, तिचं दूध आम्ही हाताने काढायला शिकवायचो. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीच्या दिशेने दाबायची, मग एकमेकांकडे आणायची. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत चीक पडायचा तो थेंब थेंब, पहिल्या खेपेला चमचाभरसुद्धा नाही. 'एवढंच?' म्हणून बाई रडकुंडीला यायची. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला लागतं तेही जवळपास तेवढंच. तो चीक चमच्याने बाळाच्या ओठांना लावला की बाळ जीभ बाहेर काढून चाटायचं, आणि वॉर्डातल्या मावशी काचेपलीकडून आईला ते मोबाइलवर दाखवायच्या.

आता तुमची खरी शंका: दुधातून कोरोना जातो का? दुधाच्या काही थोड्या नमुन्यांत विषाणूचे अंश सापडले, पण त्यातून बाळांना लागण होते असं दिसलं नाही. उलट संसर्ग होऊन गेलेल्या आणि लस घेतलेल्या आयांच्या दुधात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे घटक, सापडली. कोरोना पसरतो श्वासातून. म्हणून मास्क, पाजण्याआधी साबणाने हात, आणि खोलीची उघडी खिडकी. आईला झेपत असेल तर बाळ तिच्याजवळच असावं, असं जागतिक आरोग्य संघटना मार्च 2020 पासून सांगत होती. 18 देशांतल्या 2130 बायकांचा जो मोठा अभ्यास 2021 मध्ये आला, त्यातही अंगावर पाजण्याचा आणि बाळाला लागण होण्याचा संबंध आढळला नाही.

आईच्या पोटातच बाळाला लागण झाल्याची उदाहरणं आहेत, हे मी नाकारत नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयातून असं बाळ नोंदवलं गेलं. ते फार आजारी पडलं आणि बरंही झालं. पण हे क्वचित घडतं, आणि वारेतून गेलेला विषाणू जन्मानंतर खोली वेगळी करून अडत नाही.

भीती घातली म्हणता, तर आकडे सांगते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने नायर रुग्णालय आणि राज्यातल्या इतर रुग्णालयांना सोबत घेऊन गरोदर आणि बाळंत रुग्णांची नोंदवही ठेवली होती. त्यातून आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून 2021 मध्ये दोन लाटांची तुलना मांडली. लक्षणं असलेल्या बायका पहिल्या लाटेत 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत 28.7. मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्क्यांवरून 5.7 वर गेलं. हे आकडे रुग्णालयात आलेल्यांचे आहेत, घरीच बऱ्या झालेल्या त्यात नाहीत, म्हणून ते सरसकट सगळ्यांना लावू नयेत. तरीही नोंद झालेल्या शंभरातल्या पाच-सहा जणी गेल्या, ही गोष्ट मी गुळमुळीत शब्दांत लिहू शकत नाही. त्यातल्या बहुतेक न्यूमोनियाने गेल्या. पोट वर चढल्यामुळे फुप्फुसांना जागा कमी, प्राणवायूची गरज वाढलेली, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली. गरोदरपण हा आजार नाही, हे तुमचं अगदी खरं. पण त्या शरीरात सावरायला जागा कमी असते.

लशीबद्दल तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सुरुवातीच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळलं होतं, आणि तो त्यांच्यावर अन्यायच होता. मात्र 'घाई' मला पटत नाही. आपल्याकडे लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली 19 मे रोजी, गरोदर बायकांना 2 जुलैला. दुसरी लाट भरात होती एप्रिल-मेमध्ये. ज्या महिन्यांत लशीची सगळ्यात जास्त गरज होती, त्या महिन्यांत आमच्या वॉर्डातल्या एकाही गरोदर बाईला ती मिळू शकत नव्हती. पुढे लाखो गरोदर बायकांनी जगभर लस घेतली, आणि त्यामुळे गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही. मला राग आहे तो उशिराचा.

शेवटी, धाकट्या सुनेला सातवा लागलाय असं तुम्ही लिहिलंय. तिला ताप-खोकला आला तर घाबरू नका. पॅरासिटामॉल चालतं, पाणी भरपूर द्या, डॉक्टरांना कळवा. ऑक्सिमीटरवर आकडा 95 च्या खाली आला, बोलताना धाप लागली, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. बाळंतपणानंतरही सहा आठवडे तिच्याकडे लक्ष ठेवा: एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली किंवा एकदम दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. आणि ती पॉझिटिव्ह असली तरी बाळ जन्मल्यापासून तिच्या कुशीत राहू द्या, तिच्या तोंडाला मास्क लावून. दूध उतरायला अडचण आली तर मला इथेच लिहा, मी उत्तर देईन.