चोपड्यातला डायनॅमिक माणूस

गेली ११ वर्षं मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात एका केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब, गाड्या आणि भांडणं सांभाळतोय. भांडणं बहुतेक पत्रानेच. दिल्ली नाहीतर कानपूरचा आडत्या पैसे दाबून बसला की शेठ तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतात आणि म्हणतात, "भो, एक कागद लिख त्याले." मी दहा मिनिटांत लिहून टाकतो. हिंदीत, आणि असा की चार दिवसांत निम्मे तरी पैसे येतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी एका पानाच्या पत्रासाठी वीस दिवस घालवले. मला लिहिता-वाचता येत नाही असा कुणाचा समज नको.

झालं असं की, फळं निर्यात करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला डिस्पॅच बघणारा माणूस हवा होता. पगार माझ्या दुप्पट, केळीचा अनुभव असल्यास प्राधान्य. जाहिरात माझ्याच पत्त्यावर आली असावी असं वाटेपर्यंत मी शेवटच्या ओळीला पोचलो: बायोडेटासोबत कव्हर लेटर जोडणे आवश्यक.

कव्हर मला दोनच ठाऊक. एक गादीचं, दुसरं घडाचं. केळीच्या घडाला आम्ही स्कर्टिंग बॅग घालतो. सालीवर डाग पडू नये, माल गुळगुळीत दिसावा, भाव चांगला मिळावा म्हणून. पुढच्या वीस दिवसांत कळलं की माझा अंदाज फारसा चुकला नव्हता.

पहिल्यांदा आबांना विचारलं. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहेत, आणि उभ्या हयातीत त्यांनी बदलीचे जेवढे अर्ज लिहिले तेवढे धडेही शिकवले नसतील. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगायला लागले, "मा. महोदयांचे सेवेशी. विषय: नोकरी मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की..." त्या 'की' नंतर आबा थांबले. पुढचं वाक्य त्यांना येतच नव्हतं. त्यांच्या काळी 'की' पर्यंत पोचलं की काम झालेलं असायचं, बाकीचं साहेबांना तोंडी सांगायचं. शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहायला विसरू नकोस, एवढं बजावून ते ओट्यावर जाऊन बसले.

मग भाच्याला फोन लावला. तो पुण्यात आयटीत आहे आणि आतापर्यंत तीन कंपन्या बदलून झाल्यात, म्हणजे या विषयातला अधिकारी माणूस.

"मामा, एका पानाच्या वर जायचं नाही. बायोडेटात आहे तेच परत लिहायचं नाही. डिअर सर ऑर मॅडम नको, माणसाचं नाव शोधा. कंपनीबद्दल दोन वाक्यं लिहा, म्हणजे त्यांना वाटेल तुम्ही अभ्यास केलाय. आणि तुम्ही काय केलंय ते आकड्यात सांगा."

अभ्यासाचं मला पटलं. मी रात्री बसून अर्धं पान लिहिलं: १९४५ साली आमच्या शेजारी अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, खान्देशच्या मातीतच उद्योग आहे, वगैरे. लिहिताना ऊर भरून आला. सकाळी भाच्याने वाचलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही विप्रोला अर्ज करताय?"

मी फळांच्या कंपनीला अर्ज करत होतो. त्या दिवसापासून मी धसकाच घेतला आणि पत्रातून सगळ्या कंपन्यांची नावं काढून 'युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' एवढंच ठेवलं. हे पुढे लक्षात असू द्या.

खरी अडचण 'तुम्ही काय केलंय' इथे होती. आमच्याकडे 'मी केलं' असं म्हणायची पद्धतच नाही. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी असते. एक माणूस पहाटेपासून पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतो, सोलतो, दोनशे माणसांचं भरीत कुटतो. त्याची बोटं काळी, डोळे लाल. त्याला म्हणा, भरीत काय झालंय राव! तो मान खाली घालून म्हणणार, "मीठ जरा कमी पडनं." या माणसाला आपण पॅशनेट, रिझल्ट ओरिएंटेड लिहायला लावतो!

भाचा फोनवर खोदून खोदून विचारायचा.

"मामा, तुमची अचिव्हमेंट काय?"

"गाड्या निघतात."

"किती?"

"मोसमात रोज पाच-सहा."

"मग तुम्ही त्यात काय करता?"

"निघाल्या का बघतो."

शेवटी वैतागून त्याने कुठल्याशा ॲपला सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात इंग्रजी पत्र तयार होऊन माझ्या मोबाइलवर आलं. त्यातही कंपनीच्या नावाच्या जागी मी 'युवर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' टाकलं. आय ॲम थ्रिल्ड. आय ॲम ए डायनॅमिक प्रोफेशनल. आय थ्राइव्ह इन ए फास्ट पेस्ड एन्व्हायर्नमेंट. बाहेर मे महिना, पारा ४४ वर, दुपारी बारा ते पाच चोपड्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्यात हा फास्ट पेस्ड गृहस्थ नेमका कुठल्या गल्लीत थ्राइव्ह होत होता देव जाणे.

बायकोला मराठी करून वाचून दाखवलं. ती कळण्याच्या भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग भाकरीला पाणी लावत म्हणाली, "हाऊ कोन शे? आपला घरमा तर नही राहस."

तिचं म्हणणं मला धंद्याच्या भाषेत लगेच कळलं. केळी कार्बाइडवर पिकवली की एका रात्रीत पिवळीजर्द दिसते, सोलली की आत कच्ची, चवीला तुरट. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, पत्रांवर अजून नाही. कंपनीच्या टेबलावर अशी पिवळीजर्द पत्रं किती येत असतील आणि सगळे उमेदवार एकाच वेळी थ्रिल्ड कसे असतील, याचा विचार करत मी ते तसंच ठेवून दिलं. दुसरं काही सुचतही नव्हतं.

मध्ये कामाला धुळ्याला गेलो होतो, तेव्हा वेळ होता म्हणून राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. जुन्या पत्रांची रीत तिथे बघत बसलो. सुरुवातीला नमस्कार, क्षेमकुशल, मग 'विशेष' असा शब्द, आणि पुढे थेट मुद्दा. मुद्दा संपला की 'बहुत काय लिहिणे'. या दोहोंच्या मधे गावं, घोडी, रुपये, तारखा. कुणी थ्रिल्ड नाही. मला फार हेवा वाटला. चहा पिऊन परत आलो आणि 'थ्रिल्ड' जिथल्या तिथे राहिला.

अर्जाची शेवटची तारीख आली. त्याच दिवशी संध्याकाळी शेठही पेटले होते. दिल्लीच्या एका आडत्याने अख्ख्या गाडीला वापसीचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा भाव लावला होता. मी रागातच कागद लिहिला: 'गाडी चोपड्याहून रात्री ११ वाजता निघाली. तिसऱ्या दिवशी पहाटे ५ ला तुमच्या दारात उभी. तुमचा माणूस माल उतरवायला दुपारी २ ला आला. मे महिन्यात ९ तास गाडी उन्हात. माल आमच्याकडून नवतीचा, एक नंबर, हिरवागार निघाला, फोटो सोबत आहेत. पिवळा पडला तो तुमच्या दारात. क्विंटलमागे ३२० रुपये कापले, १५० क्विंटलचे ४८,००० होतात. आठ दिवसांत पाठवा. पुढच्या गाडीआधी ड्रायव्हर मला फोन करेल, तुमचा माणूस हजर असेल तरच गाडी मंडईत शिरेल.' हे अर्थातच हिंदीत. सहा-सात मिनिटं लागली असतील.

तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलची बॅटरी नऊ टक्के. एक पत्र पुण्याला मेलने, एक दिल्लीला व्हॉट्सॲपवर. दोन्ही फायलींचं नाव 'लेटर', एकीच्या पुढे १, दुसरीच्या पुढे २. घामाने स्क्रीनवर बोट धड टेकत नव्हतं. दोन्ही गेली आणि मोबाइल बंद पडला.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड.

"तुमचं कव्हर लेटर वाचलं. सोमवारी मुलाखतीला येऊ शकाल?"

"येतो की, मॅडम."

"आणि एक विचारायचं होतं. ते अठ्ठेचाळीस हजार मिळाले का?"

मला काही उमगेना. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "अरेरे," आणि मनापासून म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी मोबाइल उघडून पाहिलं आणि पोटात गोळा आला. पुण्याला कुठलं पत्र गेलं ते कळलं म्हणजे दिल्लीला कुठलं गेलं तेही कळलंच.

संध्याकाळी शेठ गादीवर बसले होते, मी वही लिहीत होतो. त्यांचा फोन वाजला. पलीकडून दिल्लीचा आडत्या, आवाज एवढा मोठा की मलाही स्वच्छ ऐकू येत होतं. त्याच्या मुलाने पत्र वाचून दाखवलं होतं. आपका मुनीमजी हमारी संस्था में आने के लिए बहुत उत्सुक है, भला आदमी लगता है, आप बुरा न मानें तो रख लें?

शेठनी फोन ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"दिल्लीले चालना का भो?"

मी खाली वहीत बघत राहिलो.

"जाय खुशाल," शेठ म्हणाले. "पन पहिले ते अठ्ठेचाळीस हजार वसूल करी लय."