टच स्क्रीन घेतलीत, तिची चौकट कोण पुसणार?

आज डोकं फिरलंय. एका संग्रहालयात (नाव घेत नाही, प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही) सुरगाण्याकडच्या शाळेची सहल आली होती. एका मुलीने टच स्क्रीनवरच्या ‘नाणी’ या चौकोनावर बोट ठेवलं, उघडलं भलतंच पान. पुन्हा ठेवलं, पुन्हा भलतंच. मागून बाई ओरडल्या, “अगं, मोडशील!” पोरीने झटकन हात मागे घेतला.

तिने काही मोडलं नव्हतं. ती स्क्रीन इन्फ्रारेड चौकटीची आहे. अशा स्क्रीनच्या काचेला स्पर्श कळत नाही. चौकटीच्या एका कडेला डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडणारे बारीक एलईडी, समोरच्या कडेला सेन्सर असतात. बोटाने किरण अडला की जागा कळते. बोटाऐवजी धूळ, पाल, कोळ्याचं जाळं आडवं आलं तरी यंत्राला ते बोटच वाटतं. इथे खालच्या कोपऱ्यात जाळं होतं आणि शेजारच्या खिडकीतलं ऊन थेट सेन्सरवर पडत होतं. उपाय काय? स्क्रीन बंद करायची, कडेच्या खाचेतून मऊ ब्रश फिरवायचा, कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचं, आणि चालू होताना काचेला हात लावायचा नाही, कारण तेव्हाच ती स्वतःला जुळवून घेते. खिडकीला जाड पडदा. बस्स.

तिथे स्क्रीन सांभाळणाऱ्या काकांना हे कुणी सांगितलंच नाही. त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो निविदेत स्क्रीनचे इंच लिहून देखभालीची ओळ कोरी सोडणाऱ्यांवर. साधा हिशेब करा ना! रोज आठ तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 2,400 तास. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा 2,000 ते 4,000 तासांत संपतो. म्हणजे उद्घाटनाचे हार सुकून वर्ष-दीड वर्ष झालं की भिंतीवरचं ॲनिमेशन फिकट पडणारच. लेझरवाला साधारण 20,000 तास जातो. महाग आहे, मान्य. पण दिवा बदलायला फाईल किती टेबलं फिरते ते तुम्हाला सांगायला नको.

आणि नाशकात वीज जाते हे तरी धरून चाला. संगणकाच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आली की आपोआप सुरू’ अशी सोय असते, ती चालू करायची. यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा पुरतो, यंत्र नीट बंद होण्यापुरता. सगळा मजकूर यंत्रातच ठेवायचा, इंटरनेटच्या भरवशावर नाही. मिनिटभर कुणी हात लावला नाही की पहिलं पान यायला हवं. संगणकाच्या कपाटाला खाली जाळी, वर पंखा. यात अवघड काय आहे?

मराठी मजकुराचं तर बोलूच नका. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडणी नीट लावली नाही की वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ‘नाशिक’चं ‘नाशकि’ होतं. तेच मोठ्या पडद्यावर, त्याच पोरीने वाचायचं?

बरं, ती मुलगी शोधत काय होती? नाणी! आपल्याकडे सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा, आणि त्याच्याच वर जिंकलेल्याचा चैत्य (एकावर एक रचलेल्या कमानी) आणि उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली). काचेआड ठेवलेल्या दीड-दोन सेंटिमीटरच्या नाण्यावर हे डोळ्यांना दिसत नाही. इथे पडद्याचं खरं काम आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, नाण्याशेजारी एक चकचकीत काळी गोळी, आणि दिवा तेवढ्याच अंतरावरून दिशा बदलत पन्नासेक फोटो. गोळीवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअरला उजेडाची दिशा कळते. मग पडद्यावर बोट फिरवलं की उजेड फिरतो आणि खालचा पुसट चेहरा वर येतो. याला रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग म्हणतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पांडवलेण्यांतल्या गौतमी बलश्रीच्या, म्हणजे गौतमीपुत्राच्या आईच्या, कोरीव लेखाचंही असंच करता येईल. अक्षर न् अक्षर उठून दिसेल.

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम सरकवून चित्र हलवलं. त्यांच्यावरची फिल्म टचवर दाखवण्यापेक्षा मुलांना तेच करू द्या! एक टेबल, वर पक्का बसवलेला कॅमेरा, टोकं छाटलेल्या आगकाड्या, आणि व्हिडिओ गेमच्या मशिनला असतं तसं एक जाड बटण. सेकंदाला 12 फोटो धरले तर 60 फोटोंत पाच सेकंदांचा खेळ. आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसत राहिला की काडी किती सरकवायची ते कळतं. उजेड मात्र बंदिस्त, दिव्यांचाच हवा; खिडकीचा उजेड बदलला की चित्र लुकलुकतं. बटण खराब झालं तर कोणताही इलेक्ट्रिशियन बदलेल.

हो, प्रत्येक कपाटाशेजारी पडदा नको, हेही खरं. जुन्या पोथीवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू नये, तिथे शेजारी झगझगीत स्क्रीन म्हणजे पोथीकडे कुणी बघणारच नाही. तिथे नीट लिहिलेली पाटी पुरे.

2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात नवी डिजिटल दालनं उभी राहणार असतील, तर समितीवर असलेल्या मित्रांनो, निविदेत एवढं घालाच: पाच वर्षांची देखभाल, एक सुटा टच सेन्सर, संगणकाची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर, आणि ॲनिमेशनच्या मूळ फाईली संग्रहालयाच्या ताब्यात. नाहीतर एक वेलांटी सुधारायला पुन्हा कंत्राट काढाल. कलमांचा मसुदा तयार आहे, हवा असेल त्याने इनबॉक्समध्ये मागावा.