माझा ‘एकच पेग’

‘मी फक्त एकच पेग घेतो’ हे मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. बायकोला, डॉक्टरांना, स्वतःलाही.

मग ऑफिसमधून एक लिंक आली. रोज किती घेतली ते नोंदवा, नाव टाकायची गरज नाही. उगाच बघू म्हणून उघडली, तर पहिलाच प्रश्न: किती मिलीलिटर? आता हे कोण मोजतं! शेवटी नेहमीच्या ग्लासात नेहमीइतकं पाणी ओतलं आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजत बसलो. ९० मिली भरलं. ४० टक्क्यांच्या दारूत एवढ्यात साधारण २८ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत एक ड्रिंक धरतात १० ग्रॅमचं. म्हणजे माझा एक जवळजवळ तीन होता. शुक्रवारी दोन व्हायचे, त्याचा हिशेब तुम्हीच करा. बिअरवाल्यांनीही हसू नये. पाच टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे दोन ड्रिंक, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर तीनच्या वर.

पुढे त्याच संघटनेची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली होती. दहा प्रश्न, ४० पैकी गुण, ८ किंवा जास्त आले तर सांभाळा. (इथे जास्त मार्क मिळवून उपयोग नाही.) मला ९ आले. दहावा प्रश्न होता, तुमच्या पिण्याबद्दल घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कधी काळजी व्यक्त केली आहे का? मी ‘नाही’ दाबलं होतं. बायको मागून वाचत होती, हे मला माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मी उत्तर बदललं. १३ झाले.

मला विचाराल तर या साधनाची खरी करामत त्या गुणांत नाही, रोजच्या नोंदीत आहे. दुसरा ग्लास भरताना ‘आता हा पण लिहावा लागणार’ एवढं मनात आलं तरी हात थबकतो. एरवी आपण सोयीस्कर विसरतो. दारूबंदीवरच्या भाषणांनी माझं कधी काही झालं नाही, या रकान्याने झालं.

ज्यांचे सकाळी न घेता हात थरथरतात, त्यांनी मात्र यावर विसंबू नये. त्यांनी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्यांनी आधी डॉक्टर गाठावा.

आणि कंपन्यांना हात जोडून विनंती: लिंक द्या आणि बाजूला व्हा. माझी नोंद माझ्या मॅनेजरला दिसू शकते अशी शंका जरी आली, तरी मी खरं लिहिणार नाही. बढतीच्या वर्षात तर नाहीच.

आमच्याकडे वेलनेस महिन्यात कुणीतरी शक्कल लढवली. नोंदी टीमप्रमाणे एकत्र करायच्या, सगळ्यात कमी पिणाऱ्या टीमला बक्षीस. आठवड्याभरात अख्खं ऑफिस निर्व्यसनी झालं. माझ्याही खात्यावर सलग सात दिवस शून्य आहे. त्यातला शुक्रवार मला चांगला आठवतो.