पोटाचा बोलपट

जुने युरोपीय सिनेमे दाखवणाऱ्या थिएटरात माझी जागा ठरलेली: उंच माणसाच्या बरोबर मागे. सिनेमा धुऊनपुसून 4के मध्ये लख्ख केलेला, आणि सबटायटल्सच्या जागी त्याचं टाळकं. कितीतरी इटालियन संसार मी कुणाच्या तरी डाव्या कानावरून वाचलेत. अर्धे संवाद अंदाजपंचे.

म्हणून यावेळी शहाणपणा केला आणि मूकपट निवडला. त्यातल्या पाट्या पडद्याच्या मधोमध येतात!

सिनेमा डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा, 1928 सालचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’. फ्रान्सच्या जोनला खटला चालवून जिवंत जाळलं होतं, आणि सिनेमाचं नशीबही तिच्यापेक्षा बरं म्हणावं असं नव्हतं. मूळ निगेटिव्ह आगीत गेली. पुढे 1981 साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात जुनी प्रत सापडली, म्हणून हा मूळ रूपात आपल्यापर्यंत आला. इतकं सोसून आलेल्याला भेटायला निदान जेवून तरी जावं! मी ऑफिसातून तशीच धावले.

ड्रायरने या सिनेमासाठी कायमचं असं संगीत ठरवून दिलेलं नाही. थिएटरवाल्यांनी मग कुठलंच लावलं नाही. पियानो नाही, पिपाणी नाही. सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं. पडदाभर जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा चेहरा, डोळ्यांतून एक थेंब हळूहळू गालावर उतरतोय, आणि माझं पोट म्हणालं, “गुर्रर्र... कुंई?”

शेवटी प्रश्नचिन्ह होतं, स्पष्ट.

मी पोटावर पर्स दाबली. आवाज नुसता घुमायला लागला. खोकून पाहिलं, तर आता दोन गुन्हे. हा सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालवला तर 81 मिनिटांत आटपतो, 20 ने चालवला तर 97. आमच्याकडे 20 ने. सोळा मिनिटांची वाढीव सजा.

पुढच्या गुरगुरीला पुढच्या रांगेतली टाळकी वळली. तेव्हा मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, भुवया उंचावून पाहिलं. त्यानंतर दर वेळी पोट बोललं की मी त्यांच्याकडे वळायचे. पडद्यावर न्यायाधीश जोनवर डोळे वटारून तिच्याकडून कबुलीजबाबावर सही करून घेत होते. इकडे माझंही तेच चाललं होतं.

दिवे लागले. गृहस्थ उठले, खाली मान घालून माझ्याशी पुटपुटले, “सॉरी हं. सकाळपासून काही खाल्लं नाही.”

मी मोठ्या मनाने म्हणाले, “असू दे, होतं असं.”