‘खिचडी बंद होती, तरी कुणी उपाशी मेलं नाही’ म्हणणाऱ्यांना

आमचे दादा गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. परवा त्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘विचार करण्यासारखं आहे.’ दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी सोडून दिलं असतं. पण शाळेत काय शिजतं आणि किती शिजतं हे बघणं ज्यांचं काम, त्यांनाच हे पटायला लागलं तर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कोरोनात शाळेतली खिचडी बंद होती, कुणी उपाशी मेलं नाही. उलट मुलांनी घरचं ताजं खाल्लं, वर फुकट रेशन मिळालं. एरवी शाळेत जेवण मिळतं म्हणून आईबाप घरी कमी वाढतात, त्यामुळे मुलाच्या पोटात जास्तीचं काही जातच नाही. तेव्हा खिचडी बंद करा, पैसे खात्यात टाका आणि शिक्षकांना शिकवू द्या.

कमी खाणारं मूल सहसा मरत नाही, दादा. ते काडीसारखं राहतं, त्याची उंची खुंटते, रक्त कमी होतं, दुपारनंतर वर्गात त्याचं लक्ष लागत नाही. यातलं काहीच मृत्यूच्या आकड्यात येत नाही. केंद्र सरकारच्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या २२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि २४ टक्के मुलांना रक्तक्षय होता. ही कोरोनाच्या आधीची स्थिती. मार्च २०२० मध्ये अशाच मुलांची शाळा बंद झाली आणि लगोलग बापाची मजुरीही बंद झाली. शाळेतल्या ताटाची खरी गरज नेमकी अशाच वेळी असते. आंध्रात दुष्काळाच्या काळातल्या मुलांवर अभ्यास झालाय. दुष्काळामुळे लहान मुलांच्या वाढीवर झालेला परिणाम मध्यान्ह भोजनाने भरून काढला, असं त्यात दिसलं. कोरोनाचं संकट आलं तेव्हा हाच आधार काढून घ्यावा लागला. त्यावरून ‘गरजच नव्हती’ असं कसं म्हणता येईल?

आता ‘आईबाप घरी कमी वाढतात’ या वाक्याकडे येते. सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत जास्त राग याचाच आला. एक तर त्यात गरीब आईवर आरोप आहे. दुसरं म्हणजे हा प्रश्न कुणीतरी नीट तपासून ठेवलेला आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत हेच शोधलं. मुलाने चोवीस तासांत काय काय खाल्लं, याचा हिशेब काही घरांत शाळेच्या दिवसाचा घेतला आणि काही घरांत सुट्टीच्या दिवसाचा. कुठल्या घरी कुठला दिवस विचारायचा, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. आईबाप खरोखर हात आखडता घेत असते, तर दोन्ही दिवसांची बेरीज सारखीच आली असती. तशी ती आली नाही. शाळेच्या जेवणातून मिळालेल्या पोषणापैकी, घटकाप्रमाणे, ४९ ते १०० टक्के भाग मुलाच्या दिवसभराच्या आहारात भर म्हणून पडला. प्रथिनांची रोजची तूट पूर्ण भरून निघाली, उष्मांकांची जवळपास ३० टक्के कमी झाली, लोहाची सुमारे १० टक्के. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आलाय.

४९ म्हणजे १०० नव्हे, हे मान्य. काही बाबतीत घरचा घास थोडा कमी होत असेल. पण ‘जास्तीचं काही जातच नाही’ हे धडधडीत खोटं आहे. आणि जी बाई सकाळी सातला खुरपायला निघते, ती पोराला चहा आणि रात्रीची चपाती देऊन जाते. तिला पोराची पर्वा नाही म्हणून नव्हे, त्या वेळी घरात तेवढंच असतं म्हणून. त्या पोराचं दिवसातलं पहिलं भरपेट जेवण शाळेतच होतं.

रेशनचा मुद्दा अर्धा खरा आहे. एप्रिल २०२० पासून कार्डावरच्या माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं आणि त्याने असंख्य घरं तगली. पण ते कार्ड असलेल्यांना, आणि कार्डांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर वाढलेली किती माणसं बाहेर राहिली असतील, विचार करा. शाळेकडून घरी आलेला शिधाही उपकार नव्हता. अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारच्या जेवणाचा हक्क दिलाय आणि शिजवून देता आलं नाही तर भत्ता द्यावा, असं २०१५ च्या नियमांत आहे. तरी शाळेतलं जेवण बंद पडल्याची सर्वोच्च न्यायालयाला १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घ्यावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत सर्वेक्षण केलं. सरकारी शाळेतल्या मुलांच्या सुमारे ८० टक्के पालकांनी, आधीच्या तीन महिन्यांत जेवणाऐवजी काहीतरी धान्य मिळाल्याचं सांगितलं. ते बहुतेक नुसते तांदूळ किंवा गहू होते.

प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, म्हणजे महिन्याचे दोन-सव्वादोन किलो. ते घरच्या डब्यात पडलं की पाच जणांचं होतं, त्यात काहीच गैर नाही. शाळेत मात्र ताट त्या मुलाच्या हातात असतं. त्या ताटासाठी २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल ठरलेलं आहे. हातावर पोट असलेल्यांच्या घरी तेव्हा भाजी परवडत नव्हती आणि वरण दिवसेंदिवस पातळ होत होतं. मग ‘घरचं ताजं’ म्हणजे नक्की काय?

पैसे खात्यात टाकण्याचा प्रयोगही झालाय. मे २०२१ मध्ये केंद्राने ११.८ कोटी मुलांसाठी १२०० कोटी जाहीर केले. भागाकार करून बघा, एका मुलाला साधारण १०० रुपये, तेही एकदाच.

शिक्षकांचं खरं आहे. तांदळाच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, हिशेब यात त्यांचा वेळ जातो आणि तो जायला नको. पण त्यासाठी हिशेबाला माणूस द्यायला हवा, मुलांचं जेवण काढायला नको. शिजवणाऱ्या ताईंना केंद्राकडून २००९ पासून महिन्याला हजारच रुपये मानधन ठरलेलं आहे, राज्य वरून भर घालतं ती वेगळी.

दादा, समितीच्या पुढच्या बैठकीत खिचडीवर बोलणार असाल तर आधी हे विचारा: ताईंचं मानधन वेळेवर येतं का, भाजीचे पैसे किती महिन्यांनी मिळतात, आणि तोवर ती भाजी कोण स्वतःच्या खिशातून आणतं.