ओव्हलवर हत्ती आणि गच्चीवर मी

आमच्याकडे रेडिओ ऐकायला चार माणसं लागायची. एक बटण फिरवायला, एक एरियल धरायला, एक तुळशीला पाणी घालायला आणि चौथा बाकीच्यांना शूऽऽ करायला. या चौघांत ऐकायचं कोण असं विचाराल तर कोणीच नाही. ऐकायला मजल्यावरचे बाकीचे वीस-पंचवीस जण असायचे, आणि ते चहापण आमच्याकडेच प्यायचे.

गिरगावातली चाळ, सगळ्यात वरचा मजला, साल १९७१. मी तेव्हा अकरा वर्षांचा. सेट अण्णांनी सेकंडहँड घेतलेला, व्हॉल्व्हवाला म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या, लाकडी खोका, पुढे कापड ताणलेलं, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर मांजर, कारण व्हॉल्व्ह तापले की चाळीत तेवढी उबदार जागा दुसरी नव्हती. बटण दाबलं की लगेच आवाज येईल तर शपथ. आधी आतले व्हॉल्व्ह लाल व्हायचे, मग घूंऽऽ, मग समोरचा तो हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, तोपर्यंत आजीचा अकरा वेळा 'श्रीराम जय राम' होऊन जायचा. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

डायलवर लंडन, कोलंबो, दिल्ली अशी ऐटीत गावं छापलेली, पण आतली दोरी कधीतरी घसरली होती त्यामुळे काटा कोलंबोवर नेला की लंडन लागायचं. बुधवारी रात्री आठला श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकायची तर काटा अशा जागी न्यावा लागायचा की तिथे गावच नव्हतं, नुसता समुद्र असावा. हा भूगोल एकट्या अण्णांना येत होता. आणि या सगळ्यासाठी दरवर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरून रेडिओच्या लायसन्सवर तिकिटं लावून घ्यायची. अण्णा म्हणायचे, पंधरातले बारा रुपये खरखरीचे, तीन कार्यक्रमांचे.

एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, गॅलरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत. चाळीतल्या बायकांच्या मते ती कपडे वाळत घालायची दोरी होती आणि अण्णांच्या मते नव्हती, या वादात माझं बालपण गेलं. अर्थिंगची वायर आजीच्या तुळशीच्या कुंडीत खोचलेली. माती ओली असेल तर आवाज खुलतो हे अण्णांनी शोधून काढलं आणि टेस्ट मॅच असली की दर अर्ध्या तासाने तुळशीला तांब्याभर पाणी. आजीच्या दोन तुळशी क्रिकेटपायी कुजून गेल्या. "माझ्या तुळशीला कोण तो सोबर्स लागला," असं ती म्हणायची, सोबर्स हा वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

एकदा मी त्या जाळीवर माझी ओली चड्डी वाळत घालायला गेलो, जाळीला हात लागला आणि आत खोलीत एकदम लंडन इतकं स्वच्छ आलं की अण्णा ओरडले, हलू नकोस! बस्स. त्या दिवसापासून मी आमच्या घरचा एरियल. म्हणजे बाकीच्या मुलांना लहानपणी गाणी आठवतात, नाटुकली आठवतात, मला त्या गाण्यांच्या वेळची वायर आठवते. रेडिओवरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावजी काहीतरी बोलले की आत सगळे खो खो हसायचे आणि मी बाहेर हात वर करून उभा, काय बोलले म्हणून विचारायला आत आलो की भावजी गायब आणि सगळे माझ्यावर खेकसायचे.

तर २४ ऑगस्ट १९७१. मंगळवार, आणि नेमकी गणेश चतुर्थी. लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड तिसऱ्या टेस्टचा शेवटचा दिवस. लॉर्ड्स आणि मँचेस्टरच्या दोन्ही मॅचेस ड्रॉ झालेल्या, त्यातली मँचेस्टरची तर पावसानेच वाचवलेली, आणि आता आदल्या दिवशी आपल्या चंद्रशेखरने ३८ रन्समध्ये ६ विकेट काढून इंग्लंडला १०१ वर गुंडाळलेलं. आपल्याला जिंकायला १७३ हवे होते, ७६ झालेले, दोन आउट. इंग्लंडात जाऊन आपण तोवर एकही टेस्ट जिंकलो नव्हतो, एकही. तिकडे सकाळचे साडेअकरा म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. साडेतीनलाच आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्यात रेडिओ आणि मध्ये अख्खा मजला. दर्शनाला येणाऱ्यांना कळेना चपला काढून नक्की कुठल्या कोपऱ्याला नमस्कार करायचा.

अण्णांनी लंडन शोधायला घेतलं. वाटेत मॉस्को भेटलं, पेकिंगहून (आताचं बीजिंग) एक बाई फार शुद्ध हिंदीत काहीतरी सांगत होती, कुठेतरी अरबी गाणं, आणि मग एकदम त्या गोऱ्या माणसाचा संथ आवाज, जसा काही त्याला आमच्यासारखी घाई नाहीच. शॉर्टवेव्हचा आवाज जवळ येतो, लांब जातो, परत येतो. वर आकाशात विद्युतभारित हवेचा थर असतो, त्यावर आपटून ती लाट खाली येते आणि थर हलला की आवाज हलतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोपर्यंत मी समजत होतो की माझाच हात हलतोय, कारण घरात सगळ्यांचं तेच म्हणणं होतं.

पहिलं संकट दिव्यांच्या माळेचं. गणपतीपुढे उघडझाप करणारी माळ आणलेली, ती प्रत्येक उघडझापीला रेडिओत खट् करायची. इंजिनियर ज्याला स्पार्किंग म्हणतात ते. बोलरने रनअप घेतला, खट्, बॉल टाकला, खट्, पुढे काय झालं ते खट्. अण्णा म्हणाले माळ बंद करा. आई म्हणाली वर्षाच्या सणाला देवाला अंधारात बसवू? शेवटी तहाची बोलणी होऊन असं ठरलं की ओव्हर चालू असताना माळ बंद आणि ओव्हर संपली की चालू. पाहुण्यांना वाटलं हीच यंदाची आरास आहे. एक आजोबा तर फार कौतुकाने म्हणाले, सहा बॉलला एकदा लागते वाटतं.

दुसरं संकट इंग्रजीचं. कॉमेंटरी इंग्रजी, आणि मजल्यावर इंग्रजी येणारे एकच, सतरा नंबरमधले तात्या. ते एका हापिसात हेडक्लार्क, त्यामुळे त्यांचं इंग्रजी सगळं पत्रव्यवहारातलं आणि मराठी त्याच्या तर्जुम्यातलं. सदर फलंदाजाने उपरोक्त चेंडू सोडून दिला आहे. खेळ सुरू होतो न होतो तोच तात्या म्हणाले, "कर्णधार वाडेकर यांची सेवा तत्काळ प्रभावाने समाप्त." कोणाला काही कळेना. मग म्हणाले, रनआउट. कालच्या ४५ वर आज एकही न वाढवता. खोलीत जे काही झालं ते गणपतीसमोर लिहवत नाही. लगेच चौकशी बसली की वाडेकर आउट झाला तेव्हा कोण हललं होतं. तीन नंबरवाल्यांनी मांडी बदलली होती. त्यांना मॅच संपेपर्यंत मांडी बदलायला बंदी झाली आणि माणूस शब्दाचा इतका पक्का की शेवटी त्यांना दोघांनी धरून उठवलं.

सरदेसाई आणि विश्वनाथने मग डाव धरला, पण रन इतके हळू येत होते की मध्ये आईचे मोदकांचे दोन घाणे उतरले. मी गॅलरीत हात वर करून. हात भरून आला की दुसरा हात. नाक खाजवायची सोय नाही, नाकाला हात गेला की आतून आरडाओरडा.

सहा वाजता तिकडे लंच झाला. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात आत एकदम शांतता पसरली. तात्या कानावर हात ठेवून ऐकत होते आणि चेहरा असा की जसं काही मेमो आला. म्हणाले, "मैदानात हत्ती आहे."

कोणीच काही बोललं नाही. मग तीन नंबरवाले बसल्या बसल्या म्हणाले, तात्या, चहा घ्या थोडा.

"अहो खरंच, एलिफंट म्हणाला तो."

"एलिफंट नसेल, एलिगंट असेल, विश्वनाथ खेळतोय ना."

"लंचमध्ये कुठला विश्वनाथ!"

वाद पेटला. कोणी म्हणे लंडन सोडून दुसरं स्टेशन लागलं असेल, जंगलाची माहिती सांगत असतील. काटा कोलंबोवर होता हेही कोणीतरी दाखवून दिलं, सिलोनात हत्ती असतातच. तात्या बिचारे लालबुंद. फक्त आजीने मोदक वळता वळता हात जोडले आणि म्हणाली, आज चतुर्थी आहे, तो येणारच, त्यात काय एवढं.

तिसरं आणि खरं संकट सातचं. लंचनंतर आता थोडेच रन हवे होते आणि आजीने जाहीर केलं की सातला आरती. अण्णा म्हणाले, आई, अर्धा तास. आजी म्हणाली, त्या अबीद अलीला सांग थांबायला, देव नाही थांबत. त्यात दिवस मावळत आला तसं लंडन विझायला लागलं. अण्णांनी सगळे बँड फिरवून पाहिले, तुळशीला तिसरा तांब्या गेला, आणि मग त्यांची नजर माझ्यावर गेली. म्हणाले, गच्चीवर पाठवू याला.

आजी ओरडली, अरे आज चंद्र बघायचा नसतो! चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, खुद्द कृष्णावर आला स्यमंतक मण्याचा, तर हा कोण? अण्णा म्हणाले, ढग आहेत. आजी म्हणाली, ढग सरकतात. शेवटी माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला, हातात लांबवलेली वायर दिली आणि मला जिन्याने वर नेऊन टाकीशेजारी उभा केला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक मुलगा, खालून हुकूम वर पोचवायला. "डावा हात वर!" "टाकीपासून लांब!" मध्ये एक हुकूम आला "नारळ फोडायचाय, कोयता कुठाय?" तो माझ्यासाठी नव्हता बहुतेक, पण मी तोही पाळायचा प्रयत्न केला.

आता डोळे बांधलेला मी गच्चीवर आणि चारी बाजूंनी गिरगाव. सगळ्या चाळींतून टाळ्या, झांजा, मोरयाचा गजर, फटाके. एरवी आपण जिंकलो की फटाक्यांवरून कळतं, पण गणपतीच्या संध्याकाळी फटाक्यांवरून काय कळणार? दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी चाळीत भारत जिंकत होता. मी तीन वेळा नाचलो.

खाली काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आरतीला तोडगा असा निघाला होता की आरती हळू आवाजात म्हणायची आणि अण्णांनी सेटला कान लावून बसायचं. म्हणून पंचवीस माणसं 'सुखकर्ता दुःखहर्ता' कुजबुजत होती. आजी चिडून म्हणाली, देवाला चहाडी सांगताय का रे? मग तिनेच वरचा सूर लावला आणि सगळे सुटले, शेवटी हातात झांजा असल्या की माणूस किती वेळ कुजबुजणार. १७० झाले आणि विश्वनाथ आउट, तीनच रन राहिलेले, अबीद अली आत आलेला, आणि इकडे 'घालीन लोटांगण'. आता घालीन लोटांगणला स्वतःभोवती गिरकी घ्यावीच लागते. पंचवीस माणसं दहा बाय बारात एकदम फिरली आणि कोणाचा तरी पाय वायरीत अडकून प्लग निघाला.

प्लग लगेच लावला हो. पण व्हॉल्व्ह. घूंऽऽ. हिरवा डोळा उघडायला तयार नाही. एकाने सेटवर हात फिरवायला सुरुवात केली जसं बाळाला झोपेतून उठवतात. अख्खा मजला श्वास धरून, आजीचं श्रीराम जय राम चाललेलं, आणि त्या तेवढ्या अर्ध्या मिनिटात सात समुद्रांपलीकडे अबीद अलीने कट मारून चौकार ठोकला आणि माणसं मैदानात घुसली. सेट जागा झाला तेव्हा नुसता गोंगाट. जिंकलो की हरलो की प्रेक्षकांनी हत्ती सोडला, काही कळेना. तात्या हात वर करून म्हणाले, थांबा, निर्णय अपेक्षित आहे. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सदर सामना आपल्या बाजूने निकाली निघाला आहे." आणि हेडक्लार्क माणूस, गणपतीसमोर हुंदके देऊन रडला.

मी कुठे होतो? गच्चीवर. जिन्यातली मुलं पेढे खायला खाली पळालेली. मी हात वर करून, पंचा बांधून, पुढच्या हुकुमाची वाट बघत. ताटं मांडताना आईने पोरं मोजली तेव्हा एक कमी निघालं. मला खाली आणलं तर नैवेद्याच्या ताटातले तीन मोदकपण कमी निघाले, आणि सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. अहो, मी तासभर गच्चीवर होतो! पण आजीने नुसतं माझ्या डोळ्यांवरून सरकलेल्या पंचाकडे पाहिलं आणि म्हणाली, बघितलास ना? (बघितला होता. एवढीशी कोर, ढगाच्या फटीतून. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय. मोदक मात्र मांडीवाल्यांनी खाल्ले, मला खात्री आहे, त्यांचा हात तिथून सहज पोचत होता.)

हत्तीचं पुढे छापून आलं तेव्हा कळलं. चतुर्थी म्हणून आपल्याच लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण खरंच ओव्हलवर आणली होती. तात्यांनी तो पेपर घेऊन मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवलं, तीन नंबरचं दोनदा.

आणि बरीच वर्षं गेल्यावर आणखी एक कळलं. रनआउट झाल्यावर वाडेकर आत जाऊन चक्क झोपले होते, जिंकल्यावर त्यांना उठवून सांगावं लागलं. म्हणजे तो चौकार कॅप्टननेपण पाहिला नाही. मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं. ते तेव्हा ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या उन्हात ठेवत होते. म्हणाले, "झोपेल नाहीतर काय, त्याला कुठे एरियल धरायचं होतं?"